चित्र अडकलंय की माणसं?

एखादी मालिका बंद करताना वाहिन्या जी कारणं देतात, ती कुणी फारशी मनावर घेत नाही. प्रेक्षक कमी झाले, खर्च झेपेना, कलाकारांच्या तारखा मिळेनात. ठरलेलं लग्न मोडताना ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण १९८२ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीनं ‘पोलीस स्क्वाड!’ ही विनोदी मालिका गुंडाळली, तेव्हा तिथल्या मनोरंजन विभागाचे प्रमुख टोनी थोमोपोलस यांनी जे कारण दिलं, ते मालिकेपेक्षा जास्त गाजलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या मालिकेची मजा घ्यायची तर ती पाहावी लागते.

टीव्हीवरची गोष्ट पाहावी लागते, ही तक्रार टीव्हीच्याच माणसानं करावी! लोकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. अजूनही उडवतात. मला मात्र हल्ली त्या गृहस्थांविषयी सहानुभूती वाटू लागली आहे. टीव्ही चालू असणं निराळं आणि टीव्ही पाहणं निराळं, हे त्यांना धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडेही टीव्ही बराच वेळ नुसता चालू असतो. त्याच्यासमोर शेंगा सोलल्या जातात, कपड्यांच्या घड्या होतात, वीजबिलावरून वाद होतो. आणि मध्येच कुणी ‘काय झालं गं?’ विचारलं, तर मघापासून पाठ करून बसलेली आत्या सुनेनं दागिने कुठे लपवले ते बिनचूक सांगते. मालिका तशाच बेतलेल्या असतात. काही महत्त्वाचं घडलं की ढोल वाजतो, एकच चेहरा तीन बाजूंनी दिसतो. विनोदी मालिका असेल तर हसण्याचं ध्वनिमुद्रण वाजतं, म्हणजे पोळ्या लाटणाऱ्यालाही कळतं की आता विनोद होऊन गेला.

‘पोलीस स्क्वाड!’मध्ये हे उसनं हसू नव्हतं. विनोद झाल्याची वर्दी कुणी देत नसे, आणि पुष्कळदा तो पडद्याच्या मधोमध घडतही नसे. पुढे दोन पोलीस गंभीरपणे खुनाचा तपास करताहेत आणि मागे, दाराजवळ, कोपऱ्यात काहीतरी भलतंच चाललेलं. अ‍ॅल नावाचा एक पोलीस इतका उंच, की त्याचं डोकं कधी चौकटीत मावतच नाही. वरिष्ठ अधिकारी छताकडे बघून त्याच्याशी बोलतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. भागाचं एक नाव पडद्यावर दिसतं, त्याच वेळी निवेदक खणखणीत आवाजात दुसरंच नाव वाचतो. नायक, म्हणजे डिटेक्टिव्ह फ्रँक ड्रेबिन, गाडी थांबवताना रस्त्याकडेचे कचऱ्याचे डबे उडवतो. तिथला चौकातला बूटपॉलिशवाला जॉनी हा सर्वज्ञ. ड्रेबिननं नोट सरकवली की तो गुन्हेगारी जगाची बित्तंबातमी देतो; आणि ड्रेबिन उठून गेला, की त्याच खुर्चीत एखादा शल्यविशारद येऊन बसतो, नोट सरकवतो आणि हृदयाची शस्त्रक्रिया कशी करायची ते विचारतो. जॉनी तेही सांगतो.

संवाद तर असे, की अर्धं लक्ष असलेल्याला ते साधेच वाटावेत. ‘सिगरेट?’ म्हणून पाकीट पुढे केलं, तर समोरचा ‘हो, सिगरेटच’ असं मान्य करून मोकळा होतो. एका प्रसंगी गुन्हेगार दचकून विचारतो : तू कोण आहेस, आणि आत कसा आलास? ड्रेबिन शांतपणे सांगतो, ‘मी किल्ल्या बनवणारा आहे. आणि, मी किल्ल्या बनवणारा आहे.’ दोन प्रश्न, दोन उत्तरं. हिशेब चोख. हे ऐकताना ज्याचा हात शेंगांत आहे, त्याला एवढंच वाटणार की याची रेकॉर्ड अडकली.

आणि सुरुवातीची नामावली! निवेदक दरवेळी मोठ्या थाटात एका नामवंत पाहुण्या कलाकाराचं नाव घेतो, तो नामवंत पडद्यावर येतो, आणि नाव पुरतं वाचून होतं न होतं तोच त्याचा खून होतो. पाहुण्याचं काम संपलं. लॉर्न ग्रीन, विल्यम शॅटनर यांच्यासारखी मातब्बर मंडळी आली आणि नामावलीतच खर्ची पडली. जॉन बेलुशीचाही असाच एक प्रसंग चित्रित झाला होता. पण पहिला भाग ४ मार्चला लागला आणि दुसऱ्याच दिवशी बेलुशी खरोखरच गेला. मग त्याच्या जागी दुसरा पाहुणा घेतला गेला.

मालिकेचे भाग सगळे मिळून सहा. चार मार्चमध्ये दाखवले आणि उरलेले दोन जुलैत, तव्यावर उरलेलं पीठ काढून टाकावं तसे नव्हे, पण साधारण त्याच उत्साहानं. पुढे एमी पुरस्कारांसाठी मालिकेला दोन नामांकनं मिळाली : एक लेखनाला, एक नायकाच्या कामाला. तोवर दुकान बंद झालेलं होतं.

ही मालिका ज्यांनी रचली त्या तिघांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिचा उगमच व्हिडिओच्या यंत्रात आहे. जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झुकर बंधू, तिघेही विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या परिसरात वाढलेले. जाहिराती आणि टीव्हीची टिंगल करणारे प्रयोग ते रंगमंचावर करत. टिंगलीला कच्चा माल हवा म्हणून रात्री उशिराच्या जाहिराती टिपायला ते व्हिडिओ रेकॉर्डर चालू ठेवून देत. एका सकाळी पाहतात तो जाहिरातींच्या बरोबर एक अख्खा जुना चित्रपटच टेपवर येऊन बसलेला : १९५७ सालचा ‘झीरो अवर!’. विमानातलं जेवण बाधून वैमानिक आडवे होतात आणि एका खचलेल्या माजी लढाऊ वैमानिकाला विमान उतरवावं लागतं, अशी त्याची अतिगंभीर कथा. तिघांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की याच्यात फारसं काही बदलायची गरजच नाही. रीतसर हक्क विकत घेऊन, तीच कथा आणि पुष्कळसे तेच संवाद ठेवून त्यांनी १९८०मध्ये ‘एअरप्लेन!’ केला. त्यानं गल्ला भरला आणि त्याच जोरावर पोलीस मालिका मिळाली.

म्हणजे बघा, एका कंटाळवाण्या चित्रपटाकडे कुणीतरी टक लावून पाहिलं म्हणून हा सगळा विनोद जन्मला. जो पाहण्यातून आला, त्याला पाहणाराच हवा. थिएटरात माणूस अंधारात कोंडलेला असतो, त्यामुळे ‘एअरप्लेन!’ चालला. टीव्हीला तसा कैदी मिळत नाही. म्हणून मालिका पडली.

तिला दुसरा जन्म दिला तो कॅसेटनं. १९८५मध्ये सहाही भाग व्हिडिओ कॅसेटवर आले, दोन कॅसेटांत तीन-तीन. ज्यांनी मुद्दाम दुकानात जाऊन, पैसे मोजून कॅसेट आणली, ते साहजिकच ती पाहणार होते. शिवाय हातात एक नवं हत्यार होतं : रिवाइंड. ‘आत्ता मागून कोण गेलं?’ असं वाटलं, तर मागे जाऊन बघता येत होतं. कोपऱ्यातल्या विनोदाला जन्मात पहिल्यांदा न्याय मिळाला. या लेखकांच्या अंगी मुरलेली वाईट सवय अशी, की श्रेयनामावलीतही ते सरळ चालत नाहीत. ‘एअरप्लेन!’च्या शेवटच्या नामावलीत, कुठलाही संबंध नसताना, ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चे लेखक म्हणून चार्ल्स डिकन्सचं नाव आहे. थिएटरात तेव्हा लोक चपला शोधत असतात. डिकन्स सापडतो तो घरी, पॉजचं बटण दाबल्यावर.

१९८२ सालाचं आपल्याकडचं महत्त्व निराळं. त्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं, आणि त्या निमित्तानं घरोघर रंगीत संच आणि कुठे कुठे व्हीसीआर शिरले. ज्यांच्याकडे शिरले नाहीत, ते ते भाड्यानं आणत. सुटीच्या आदल्या संध्याकाळी व्हिडिओ लायब्ररीतला पोरगा सायकलच्या कॅरिअरला व्हीसीआर बांधून आणून द्यायचा. बरोबर तीन कॅसेटी : दोन हिंदी आणि एक इंग्लिश. सकाळपर्यंत तिन्ही संपवायच्या, कारण भाडं रात्रीचं. इंग्लिशची पाळी पहाटे यायची, जेव्हा आजी-आजोबा झोपलेले असत, आणि घरातले सुशिक्षित पुरुष त्या सिनेमात नेमकं काय निघेल या काळजीनं जागे असत.

पोलिसांच्या विनोदी इंग्लिश कॅसेटी म्हटलं की लायब्ररीवाला डोळे मिटून ‘पोलीस अकॅडमी’ द्यायचा. १९८४ साली पहिला आला आणि पुढे १९८९पर्यंत वर्षाला एक याप्रमाणे येत राहिला. भाषेची अडचण नव्हतीच. शहराची महापौर पोलीस भरतीच्या सगळ्या अटी काढून टाकते आणि वाटेल ते नग भरती होतात, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यातला तोंडानं बंदुकीचे, हेलिकॉप्टरचे, वाटेल त्या यंत्राचे आवाज काढणारा जोन्स तर आमच्या आळीतल्या पोरांचं दैवत. हा विनोद स्वतःच्या पायांनी चालत येऊन मांडीवर बसत असे. तुम्ही मध्ये उठून चहा टाकून आलात तरी तो तिथेच असे.

‘पोलीस स्क्वाड!’ची कॅसेट अशी लायब्ररीतून आली नाही. न्यू जर्सीला असलेल्या मावसभावानं ती येताना आणली होती, खोक्यासकट, अस्सल. अमेरिकेतली कॅसेट एनटीएससी पद्धतीची आणि आपले व्हीसीआर पाल पद्धतीचे, त्यामुळे कुठल्याही यंत्रात घातली की चित्र लोळायचं, रंग उडायचे. भागातले सगळे प्रयत्न करून झाल्यावर मस्कतच्या काकांची आठवण झाली. आखातातून आलेल्या माणसाकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर असणार, हे तेव्हा गृहीतच होतं, आणि तसा तो होता. भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली. काका स्वतःच्या हातानंच आच्छादन काढत, स्वतःच कॅसेट आत सारत, आणि रिमोट कुणाच्या हाती देत नसत.

पहिला भाग संपता संपता तो प्रसंग आला. त्या काळच्या अमेरिकन पोलीस मालिकांची एक रीत होती : गुन्हा उकलला की शेवटी सगळे कचेरीत जमणार, कुणीतरी हलकाफुलका शेरा मारणार, सगळे हसणार आणि त्या हसऱ्या चेहऱ्यांवर चित्र गोठणार. वर नामावली. ‘पोलीस स्क्वाड!’मध्येही सगळे जमतात, हसतात आणि चित्र गोठतं. फक्त ते गोठलेलं नसतं. माणसंच हसरा चेहरा करून स्तब्ध उभी राहिलेली असतात. कॅमेरा चालूच असतो. नीट पाहिलं तर कुणाची पापणी लवते, कुणाचा तोल किंचित जातो. एका भागात असं स्तब्ध होताना एकाचा हात कपात कॉफी ओतायच्या बेतात थांबलेला. हात हलत नाही, पण कॉफीला कुणी थांबायला सांगितलेलं नाही. ती वाहतच राहते. कप भरतो, ओसंडतो, आणि तो माणूस चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता तसाच उभा. दुसऱ्या एका भागात बेड्या घातलेला गुन्हेगार इकडे तिकडे बघतो, सगळे पोलीस पुतळ्यासारखे झालेत हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो तिथून निसटायच्या मागे लागतो.

आमच्या त्या बैठकीत हे कळायला वेळ लागला. कारण चित्र थांबताच काका उठले होते. ‘अडकली कॅसेट,’ असं जाहीर करून त्यांनी व्हीसीआरच्या डोक्यावर तळहातानं दोन चापट्या मारल्या, मग ट्रॅकिंगचं चाक इकडून तिकडे फिरवलं. पडद्यावर मुंग्या आल्या, गेल्या, माणसं मात्र जागची हलेनात. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली काकू म्हणाली, ‘अहो, कॅसेट कसली अडकलीय? ती बघा, त्या माणसाची पापणी हलली. माणसंच अडकलीत.’ काकूला इंग्रजीचा गंध नव्हता. संवादांवर डोकं शिणवणारे आम्ही सगळे यंत्राकडे बघत होतो. ती एकटी चित्राकडे बघत होती. ती हसू लागली आणि तिच्या पाठोपाठ आम्ही. काका शेवटपर्यंत हेड साफ करायला पाहिजे असं म्हणत राहिले.

पोलिसांची गंमत म्हटल्यावर मराठी माणसाला दादा कोंडक्यांची आठवण येणारच. १९७५चा ‘पांडू हवालदार’ हा दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपट. अशोक सराफांचा सखाराम हवालदार त्यातलाच. त्या चित्रपटापासून ‘पांडू’ हे नाव समस्त हवालदारवर्गाला जे चिकटलं, ते अजून सुटलेलं नाही. दादांचा विनोद मात्र नीट पाहिला तर कानाचा आहे. द्वयर्थी बोलणं ऐकू आलं की पुरे. म्हणून तो लाउडस्पीकरवरून, शेजारच्या घरातून, यात्रेतल्या तंबूबाहेर उभं राहूनही पोचतो. ड्रेबिनचा विनोद डोळ्यांचा. तो भिंतीपलीकडे जात नाही. पण एका ठिकाणी हे दोघे सख्खे भाऊ शोभतात. दादा तोंडानं काय वाटेल ते बोलतील, चेहरा मात्र नुकतंच आईचं बोट सोडलेल्या पोराचा. पाप असेल तर ते ऐकणाऱ्याच्या मनात. ड्रेबिनचा चेहराही तसाच. आपण विनोदी आहोत, ही खबर दोघांच्याही चेहऱ्यापर्यंत पोचलेली नसते. प्रेक्षकाला डोळा मारला की विनोद खलास, हे दोघांनाही कुणी न सांगता कळलेलं.

ड्रेबिनचं काम करणाऱ्या लेस्ली नीलसनला तो चेहरा कष्टानं मिळाला होता. कॅनडातल्या रिजायना गावी १९२६ साली त्याचा जन्म. वडील खरोखरचे पोलीस, कॅनडाच्या प्रसिद्ध घोडेस्वार दलातले, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात बदली झालेले. भाऊ एरिक पुढे कॅनडाचा उपपंतप्रधान झाला. अशा घरात गंभीर राहण्याचा सराव आपोआपच होत असणार. लेस्लीनं तीन दशकं गंभीर भूमिका केल्या. १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये तो अंतराळयानाचा कप्तान होता, १९७२च्या ‘पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा. यान काय, जहाज काय, भारदस्त आवाजात हुकूम सोडणं हे त्याचं काम. ‘एअरप्लेन!’च्या त्रिकुटानं त्याला डॉक्टरची भूमिका दिली, तेव्हा त्यांना विनोदी नट नकोच होता. ज्याच्यावर आजवर लोकांनी विश्वास टाकला असा माणूस हवा होता. त्यानं पूर्वीइतक्याच भारदस्तपणे मूर्खासारखं बोलायचं, एवढंच. पडद्याबाहेर मात्र हाच माणूस खिशात अपानवायूचा आवाज काढणारं छोटं यंत्र बाळगायचा आणि मुलाखती चालू असताना ते दाबायचा. २०१०मध्ये तो गेला. थडग्यावर त्यानं जी ओळ कोरून घेतली, ती त्या यंत्राशी इमान राखणारीच आहे.

कॅसेटींमुळे मालिकेचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी झालं, आणि १९८८च्या डिसेंबरात ड्रेबिन मोठ्या पडद्यावर आला : ‘द नेकेड गन’. शीर्षकाच्या शेपटात ‘पोलीस स्क्वाड!’च्या दप्तरातून, असा उल्लेखही इमानदारीत ठेवला होता. मालिकेच्या सुरुवातीला पोलिसांच्या गाडीवरचा लाल दिवा रस्त्यांवरून धावायचा. चित्रपटात तो गाड्या धुण्याच्या यंत्रातून, लोकांच्या घरातून आणि थेट जत्रेतल्या रोलरकोस्टरवरून धावतो. ज्या विनोदाला चौथ्या भागानंतर जागा मिळाली नव्हती, त्यानं अमेरिकेत साडेसात कोटी डॉलरच्या वर धंदा केला. विनोद तोच, लेखक तेच, चेहराही तोच. बदललं एवढंच, की या वेळी लोक तिकीट काढून समोर बघत बसले होते. आणखी दोन चित्रपट निघाले, १९९१ आणि १९९४मध्ये. आपल्याकडे हे तिन्ही पुढे केबलवर आले, मग व्हीसीडीवर आले. व्हीसीडीच्या दोन तबकड्या असत आणि पहिली संपली की कुणीतरी उठून दुसरी घालायची. ज्याच्या तोंडचा विनोद अर्धा राहायचा तो ड्रेबिन, आणि ज्याला उठावं लागायचं तो घरातला धाकटा.

घरच्या कपाटात ठेवलेल्या चित्रपटाची एक खोड असते. तो बदलत नाही, आणि आपण बदलल्याचं दाखवून देतो. ‘नेकेड गन’मध्ये नॉर्डबर्ग नावाचा पोलीस आहे. बिचाऱ्याला सुरुवातीलाच गोळ्या लागतात, आणि त्यानंतर हात भाजणं, बोटं चिरडणं, केकवर तोंडघशी पडणं अशी संकटांची रांग लागते. आम्ही त्या काळी पोट धरून हसलो होतो. ती भूमिका ओ. जे. सिम्प्सनची. तिसरा चित्रपट लागून चार महिने होत नाहीत तोच, १९९४च्या जूनमध्ये, घटस्फोटित पत्नीच्या आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. पुढच्या वर्षी फौजदारी खटल्यातून तो निर्दोष सुटला आणि १९९७मध्ये दिवाणी न्यायालयानं त्यालाच जबाबदार धरलं. आता तो प्रसंग लागला की हसू ओठांपर्यंत येतं आणि तिथेच विचारात पडतं. चित्रपटवाले काही करू शकत नाहीत. त्यांनी एका गरीब, दुर्दैवी पोलिसाची गंमत केली होती. पाहावं लागतं ते असंही.

२००६मध्ये ‘पोलीस स्क्वाड!’ डीव्हीडीवर आली. आता सहाही भाग एका बैठकीत पाहता आले आणि ज्या गोष्टी आठवड्याच्या अंतरानं कधीच दिसल्या नसत्या, त्या दिसू लागल्या. कचऱ्याचे डबे आठवतात? ड्रेबिन जितक्या क्रमांकाच्या भागात असेल, तितके डबे तो उडवतो. पहिल्या भागात एक, दुसऱ्यात दोन. १९८२ साली हे कोणाच्या लक्षात यायचं? चार भागांनंतर तर डबे उचलूनच नेले. कुणाच्या लक्षात येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना, सेटवरच्या कुणीतरी दर आठवड्याला डबे मोजून मांडले असतील. मला या मालिकेतल्या सगळ्या विनोदांत हा सगळ्यात आवडतो. तो हसवत नाहीच. पण तो जेव्हा उमगतो, तेव्हा कुणीतरी आपल्यासाठी पंचवीस वर्षं काही जपून ठेवलं होतं असं वाटून बरं वाटतं.

आणि आता? आता कॅसेट नको, डिस्क नको, पोराला सायकलवरून काही आणावं लागत नाही. जगातल्या सगळ्या पोलिसांचे सगळे विनोद खिशात असतात. २०२५मध्ये लियम नीसनला घेऊन नवा ‘नेकेड गन’ही आला. कृती तीच : आयुष्यभर गंभीर राहिलेला, ‘शिंडलर्स लिस्ट’मधला माणूस घ्यायचा आणि त्याला चेहरा न हलवता वेडेपणा करायला लावायचा. थोमोपोलस यांची अडचण मात्र सुटलेली नाही, उलट वाढली आहे. त्यांच्या प्रेक्षकाच्या हातात शेंगा होत्या, आजच्याच्या हातात दुसरा पडदा आहे. शेंगा निदान संपत तरी. माझा भाचा जेवताना सिनेमा लावतो, तो दीडपट वेगानं लावतो आणि मान खाली घालून फोनवर सिनेमाचा सारांश वाचतो. त्याला मी काही बोलत नाही. त्याचा मामाही एकेकाळी रात्रीत तीन कॅसेटी संपवायचा, आणि ती घाई काही रसिकतेतून आलेली नव्हती.

तरी त्याला एकदा आग्रहानं शेजारी बसवून मी ‘पोलीस स्क्वाड!’ लावली. दीडपट वेगाच्या अटीवर तो बसला. किल्ल्या बनवणाऱ्याला तो हसला नाही, अ‍ॅलच्या नसलेल्या डोक्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही, डबे उडाले तेव्हा तो कुणालातरी उत्तर लिहीत होता. शेवटी सगळे कचेरीत जमले, हसले आणि उभ्या जागी थांबले. घरात एकदम शांतता झाली, तेव्हा त्यानं मान वर केली.

‘मामा, नेट गेलं वाटतं.’

मी काही बोललो नाही. त्यानं वायफायचं बटण बंद करून चालू केलं. पडद्यावरच्या मंडळींवर काही परिणाम नाही. मग तो उठून राउटरकडे गेला, त्याचे दिवे तपासले, परत आला आणि टीव्हीच्या अगदी जवळ उभा राहिला. ‘थांब थांब,’ तो म्हणाला, ‘हा डावीकडचा हलतोय.’ मग खाली बसला. फोन सोफ्यावर उलटा पडला होता, तो तसाच राहू दिला. ‘मागे घे ना जरा,’ म्हणाला, ‘आणि तो वेग कमी कर. काय कळतच नाही इतक्या जोरात.’